उजव्या पायाचे पुण्यातले पाच दिवस

बार्शीहून पुण्याला माणसे लग्नाला जातात, मुलाखतीला जातात, नातवंडे सांभाळायला जातात. मी गेल्या जानेवारीत गेले ती गाडी विकायला. जाताना गाडीने जायचे आणि येताना एसटीने यायचे, असे ठरले होते. ते तसे झाले नाही. त्या पाच दिवसांत पुण्यातली प्रेक्षणीय म्हणतात अशी एकही जागा मी पाहिली नाही, आणि तरी एवढे पुणे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी गाडीविषयी. लहानशी पेट्रोलची गाडी, आठ वर्षांची. यजमान तंत्रनिकेतनात जमिनीची मोजणी शिकवत. त्यांनी ती घेतली आणि माझ्या चौपन्नाव्या वर्षी मला शिकवली. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले, गाडी राहिली. त्यांच्या हातात ती लिटरला सोळा-सतरा किलोमीटर द्यायची, माझ्या हातात अकरा देऊ लागली. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, शेवटी तोच कंटाळला आणि गाडीचे वय झाले म्हणाला. हे त्याने माझ्याकडे बघून म्हटलेले मला फारसे आवडले नाही.

निखिल, माझा मुलगा, पुण्यात धायरीला राहतो. त्याने हा अकराचा आकडा धरून ठेवला. "आई, प्रॅक्टिकली बघ. एवढं पेट्रोल पिणारी गाडी ठेवून करायचंय काय?" मी वैरागला बहिणीकडे जाते, पानगावला जाते, मनात आले तर धाराशिवला मैत्रिणीकडे जाऊन जेवून येते, आणि कुणाला विचारावे लागत नाही. हे काही प्रॅक्टिकल उत्तर नव्हते. त्याने जाहिरात टाकली. रविवारी अकरा वाजता एक गृहस्थ गाडी बघायला येणार असे ठरले, आणि मी बुधवारी निघाले.

बुधवार, बार्शी ते धायरी

टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता माझ्या ओळखीचा. पुढे सोलापूर रस्ता लागला की आपण आपल्या गाडीत नसून दुसऱ्या कुणाच्या तरी घाईत बसलो आहोत असे वाटू लागते. भिगवणला थांबून मासे खाल्ले. उजनीच्या पाण्यातला मासा, वर तिखटजाळ रस्सा आणि ज्वारीची भाकरी. एकट्या बाईला तिथे कोपऱ्यातले टेबल देतात. मी रस्त्याकडचे मागून घेतले. जेवताना निखिलचा फोन आला, त्याआधी इंदापूरला आला होता, नंतर उरुळीलाही आला. प्रत्येक वेळी मी गाडी कडेला घेऊन उचलला. प्रत्येक वेळी तो एवढेच विचारत होता, की कुठे पोचलीस.

धायरी मी तीस वर्षांपूर्वी पाहिली होती. तेव्हा तिथे ज्वारी होती आणि रस्त्याला म्हशी. आता इमारतींच्या मधून जुन्या गावाचा एक तुकडा दिसतो, एक देऊळ, एक पार, आणि पारावर बसलेली चार माणसे, ज्यांच्या जमिनीवर आजूबाजूचे सगळे उभे आहे. निखिलचे घर नवव्या मजल्यावर. सून अदिती खाली पार्किंगमध्ये घ्यायला आली होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि धुवून घेऊ या म्हणाली, फोटोपेक्षा मळकी दिसते म्हणून.

त्याच संध्याकाळी विमलचा फोन आला. विमल साळवे माझी शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन खडकीला गेली ती तिथलीच झाली. तिचे यजमान खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षे ड्रायव्हर होते. गाडी विकते आहेस तर आधी यांना दाखव, असे तिचे म्हणणे होते. मी म्हटले, गॅरेजवाल्याला सापडले नाही ते यांना काय सापडणार. पलीकडून साळवेभाऊंचा आवाज आला. "गाडीत काही नसेल तर चालवण्यात असेल. उद्या या."

गुरुवार, खडकी

धायरी ते खडकी म्हणजे शहराच्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकातून बाहेर पडणे. अंतर फार नाही, पण मला पावणेदोन तास लागले. आमच्या बार्शीत हॉर्न वाजवतात तो बहुधा हाक मारायला. मागचा ओळखीचा असतो, काच खाली करून बहिणीची तब्येत विचारतो, आणि त्याच्या मागचे तोवर थांबतात. पुण्यातला हॉर्न अनोळखी असतो आणि त्याचे म्हणणे एकच असते. स्वारगेटला सिग्नलचा आकडा शून्यावर यायच्या आधीच तो सुरू झाला. मी गिअर शोधत होते. शेजारच्या स्कूटरवरच्या गृहस्थांनी मान जरा वाकवून अत्यंत सभ्यपणे विचारले, "काकू, मुहूर्त काढून दिलाय का कुणी?" मी घाईने निघाले आणि वीस पावलांवर पुढच्या रिक्षामागे करकचून थांबले. ते गृहस्थही माझ्या शेजारी येऊन थांबले. आता मात्र ते सरळ समोर बघत होते.

साळवेभाऊ दाराशी उभे होते. सत्तरीचे, सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. मला वाटले, बॉनेट उघडायला सांगतील. त्यांनी चहाही घेऊ दिला नाही. चारही टायरवर अंगठा दाबून पाहिला, शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, चला, एक चक्कर मारू.

लष्कराचे रस्ते मला आवडले. रुंद, झाडांचे, कडेला चुना मारलेले दगड. पण आम्ही तिथून लवकरच बाहेर मुख्य रस्त्याला लागलो. मी ब्रेक दाबला की साळवेभाऊ स्वतःच्या गुडघ्यावर एक बोट आपटत. आधी मला तो चाळा वाटला. मग लक्षात आले, मोजताहेत. परत येऊन गाडी बंद केली तेव्हा म्हणाले, एक्केचाळीस.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. ब्रेक वाईट नाही. पण ब्रेक दाबावा लागला याचा अर्थ, त्याच्या आधी जे पेट्रोल जाळून वेग घेतला तो तुम्ही फेकून दिला. एक्केचाळीस वेळा फेकला. पेट्रोल गाडी पीत नाही, उजवा पाय पितो. कारखान्यात त्यांच्या ट्रकमध्ये जे भरलेले असे त्याला धक्का लागून चालत नसे. सरकारने पेट्रोल वाचवायला शिकवले नव्हते, धक्का द्यायचा नाही एवढेच शिकवले होते. पेट्रोल आपोआप वाचत गेले.

मग त्यांनी जे सांगितले ते मी अजून विसरलेले नाही. "ताई, तुम्ही पुढे बघून चालवत नाही. मागे ऐकून चालवता. मागचा वाजवतो, की तुमचा पाय खाली जातो. मग पुढचा दिसतो, की ब्रेक."

मी वाद घातला नाही, कारण माझ्या कानात त्याच वेळी यजमानांचा आवाज आला होता. शिकवताना ते सतत म्हणत, अगं घे, घे, मागचा थांबलाय. प्रेमळ माणूस होता. पण मागचा थांबलाय हे मी त्यांच्याकडून शिकले आणि तेच शिकून राहिले.

जेवायला विमलने बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि सुकटाची चटणी केली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, खाली भाऊंच्या सेवानिवृत्तीचा फोटो. त्यात त्यांच्या गळ्यात हार आणि चेहऱ्यावर अवघडलेपण. जेवण झाल्यावर त्यांनी टायरमध्ये हवा भरून आणायला लावली. चारही टायरांत चांगलीच कमी निघाली. मग डिकी उघडली.

डिकीत यजमानांचे सामान होते. मोजणीची साखळी, लोखंडी मेखांची पिशवी, लाकडी तिपाई, घडीची खुर्ची, पुस्तकांचे दोन गठ्ठे. साळवेभाऊंनी ते पाहिले, हाताने एक गठ्ठा उचलून अंदाज घेतला. तीस किलो तरी असेल, म्हणाले. मी म्हटले, ते राहू द्या. त्यांनी डिकी हळूच लावली आणि उद्या येताना टाकी भरून या म्हणाले.

शुक्रवार, मांजरी

टाकी भरण्याचीही एक रीत असते. नळी आपोआप बंद झाली की थांबायचे, अंतराचा आकडा शून्य करायचा, आणि पुन्हा भरायची ती त्याच पंपावर, त्याच नळीने. म्हणजे हिशेब खरा निघतो. स्वारगेटच्या पंपावर पाटी होती: 'टाकी भरली म्हणजे भरली. गाडी हलवून भरली जाणार नाही.' मी पाटी वाचत उभी राहिले तर नळी धरलेल्या बाई म्हणाल्या, लोक खरंच हलवतात हो.

त्या दिवशी विमलला मांजरीला तिच्या भावजयीच्या माहेरी जायचे होते. तिने कोंबडीच्या रश्श्याचा डबा घेतला, मांडीवर धरला आणि मागे बसली. भाऊ पुढे. त्या दिवसापुरते त्यांनी मला एकच काम दिले होते. समोरच्या गाडीकडे बघायचे नाही, तिच्या पुढच्याच्या पुढच्या गाडीचे दिवे बघायचे. तिथे लाल दिसले की इथे पाय उचलायचा. ब्रेक नाही, फक्त पाय उचलायचा.

हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात पाय उचलला की गाडी हळू होते, गाडी हळू झाली की मागचा वाजवतो, आणि वाजवले की माझा पाय खाली जातो. हडपसरच्या आधी एका बसने असा हॉर्न दिला की मी दचकून पाय दाबला, पुढे टेम्पो दिसला, ब्रेक दाबला, आणि मागच्या सीटवर विमल म्हणाली, "झालं." अर्धा रस्सा सीटखाली गेला होता. पुढचे तीन दिवस गाडीत खोबरे-लसणाचा वास होता. अदितीने नाकाला रुमाल लावून विचारले की घेणाऱ्याला काय सांगायचे.

मांजरीला रस्त्याच्या एका बाजूला ऊस उभा आणि दुसऱ्या बाजूला बावीस मजली इमारत. गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते, खाली उसात बगळे. आम्ही गेलो ते घर या दोन्हींच्या मध्ये, बैठे, पुढे अंगण. घरच्या कारभारीण बाई, सगळे त्यांना आक्का म्हणत, बाजेवर बसून हुरड्याची कणसे निवडत होत्या. त्यांनी गाडीकडे पाहून विचारले, "कुणाची हाय?" मी माझी म्हटले. "आन् चालवती कोन?" मीच म्हटले. त्यांनी मला खालून वर पाहिले आणि विमलला म्हणाल्या, बार्शीची बाई दांडगी हाय. उरलेला रस्सा त्यांनी चवीने खाल्ला. सांडला म्हणूनच घट्ट झाला असेल, म्हणाल्या.

निखाऱ्यावर भाजलेला हुरडा आम्ही बार्शीलाही खातो, पण तिथे त्याच्याबरोबर शेंगांची चटणी आणि दही. इथे वर शेव भुरभुरली होती आणि गुळाचा खडा दिला. गूळ चांगला होता. शेवेविषयी मी मत दिले नाही.

परत येताना उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर पुढे आला. त्याच्यापलीकडचे काहीच दिसत नव्हते, मग दिवे कुणाचे बघायचे? भाऊ म्हणाले, दिसत नसेल तर अंतर वाढवायचे. मी वाढवले. लगेच एक मोटारसायकल त्या जागेत शिरली, मग एक रिक्षा. मागून हॉर्न सुरू झाला. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, वाजवू द्या. त्याचं बटण, त्याचं बोट.

एक-दोन मिनिटे माझे खांदे कानापर्यंत आले होते. तो वाजवत राहिला. मी तशीच चालवत राहिले. मग तो बाजूने निघून गेला आणि जाताना त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. इतकी वर्षे मी ज्याला घाबरत होते, त्याला माझ्याशी काही देणेघेणे नव्हते. खडकीला पोचेपर्यंत भाऊंनी गुडघ्यावर सोळाच वेळा बोट आपटले.

शनिवार, कात्रजचा जुना घाट

भाऊ मेट्रोने स्वारगेटला आले, तिथून मी त्यांना घेतले. सकाळी साडेसात. थंडी होती, कात्रजच्या पुढे झाडांवर धुके चिकटलेले होते. जुन्या घाटात रहदारी कमी असते. चढावर त्यांनी मला गिअर कधी उतरवायचा ते दाखवले. इंजिन कण्हायला लागायच्या आधी, कण्हल्यावर नाही.

बोगदा ओलांडला, उतार लागला, आणि मी सवयीने गाडी न्यूट्रल केली. यजमान करत असत. उतारावर पेट्रोल वाचते म्हणत. तीन दिवसांत पहिल्यांदा भाऊंचा आवाज चढला. "गिअर टाका." मी टाकला. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि खाली उतरून दोन मिनिटे दरीकडे तोंड करून उभे राहिले. परत आले तेव्हा शांत होते. नव्या गाड्यांत गिअर असताना पाय काढला, तर इंजिन पेट्रोल घेतच नाही, चाकेच त्याला फिरवतात. न्यूट्रलला मात्र ते चालू राहायला पेट्रोल पिते आणि उतारावर ब्रेक एकटे पडतात, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बरोबरचा एक ड्रायव्हर असाच वाचवायला गेला होता. नाव त्यांनी सांगितले नाही. काचेवरचे दव पुसत एवढेच म्हणाले, की जे वाचवताना भीती वाटत नाही तेवढेच वाचवायचे.

घाटाखाली टपरीवर आम्ही कांदाभजी खाल्ली. चहा पितळी किटलीतला, फार गोड. भाऊंनी विचारले, उद्या कोण येणार आहे गाडी बघायला. मी म्हटले, कुणी अकौंटंट आहेत. ते म्हणाले, चांगली गाडी आहे, त्यांना सांगा. त्यापलीकडे त्यांनी काही सुचवले नाही. स्वारगेटला उतरताना मात्र खिडकीत वाकून म्हणाले, "शिकायला तुम्हाला तीन दिवस लागले. मला तीन वर्षं लागली होती. जयभीम ताई." आणि मेट्रोचा जिना उतरून गेले.

मी त्याच पंपावर, त्याच नळीने टाकी भरली. भागाकार तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर केला. पंधरा पूर्णांक आठ. शहरातले, सिग्नलचे, घाटाचे सगळे धरून. नळीवरच्या बाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, बरं मग, पुढे घ्या, मागे लाईन आहे. मी सावकाश पुढे घेतली.

त्या दुपारी मी डिकी रिकामी केली. कुणी सांगितले नव्हते. तीन खेपा करून सगळे सामान लिफ्टने नवव्या मजल्यावर नेले आणि गॅलरीत मांडले. साखळीला गंज चढला होता. हात लाल झाले ते धुतले, आणि चहा करून बसले.

निखिल संध्याकाळी आला. शनिवार असूनही कामावर होता, गेले पंधरा दिवस तसेच चालले होते म्हणे. त्याने गॅलरीत तिपाई पाहिली आणि बॅग खांद्यावरून न उतरवताच विचारले, हे इथे कसे. मी सांगितले, गाडीचे वजन कमी केले. लहानपणी ती साखळी ओढत तो वडिलांबरोबर माळावर जात असे. "बाबांचं सामान काढलंस?" तो म्हणाला. आवाजात तक्रार होती. मी म्हटले, उद्या गाडी विकायची, तर ते त्या अकौंटंटला द्यायचे होते का?

मी त्याला पंधरा-आठचा आकडा सांगितला. तीन दिवस कुठे गेले, काय केले, एक्केचाळीस, सोळा, सगळे सांगितले. मला वाटले होते, आकडा ऐकून तो तरी खूश होईल. तो सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "आई, ॲव्हरेजचा प्रश्नच नव्हता."

मग त्याने जे सांगितले ते असे. दिवाळीत तो बार्शीला आला होता तेव्हा आम्ही बाजारातून येत होतो. चौकात मागच्याने हॉर्न दिला, मी एकदम निघाले आणि आडवी सायकल आली म्हणून एकदम थांबले. मला ती सायकल आठवत होती. त्याला आठवत होता तो मागचा ट्रक. तो आमच्या मागच्या काचेपासून हातभर अंतरावर थांबला होता. निखिलने आरशात पाहिले होते, मी पाहिले नव्हते. मी घरी येऊन फराळाचे डबे भरत बसले आणि त्याला त्या रात्री जेवण गेले नाही.

"तुला कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "ते तुला कसं सांगणार? ॲव्हरेजचं कारण तुला पटेल असं वाटलं."

अदिती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. मला राग येईल असे वाटले होते. आला नाही. आयुष्यभर मी मागचे ऐकत होते, आणि खरोखर मागे काय होते ते एकदाही पाहिले नव्हते, एवढेच मनात येत राहिले. मी त्याला म्हटले, उद्या सकाळी माझ्या शेजारी बस. खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ. तुला भीती वाटली तर अकरा वाजता मी स्वतः त्या माणसाच्या हातात किल्ली देईन. तो म्हणाला, ठीक आहे.

रविवार, खडकवासला

नऊला निघालो. रविवारची सकाळ, सिंहगड रस्त्यावर गडावर निघालेल्या मोटारसायकली. निखिल पट्टा लावून ताठ बसला होता, उजवा हात सीटच्या कडेला धरून. नांदेड फाट्याला मी लांबूनच पाय उचलला, दिवा हिरवा होईपर्यंत गाडी आपल्या वेगाने तिथे पोचली, थांबावे लागले नाही. मागून एकाने वाजवले. मी आरशात पाहिले, तो दूर होता, मी माझ्या चालीने राहिले. किरकटवाडीपाशी एक कुत्रे आडवे आले, त्याच्यासाठी ब्रेक दाबला. तो खरा ब्रेक होता, त्याला इलाज नव्हता. निखिलचा हात सीटवरून सुटला नाही, पण त्याने डोळेही मिटले नाहीत.

मग त्याने मला विचारले, साळवेकाका कसे आहेत. मी सांगू लागले. दारूगोळा, गुडघ्यावरचे बोट, दरीकडे तोंड करून उभे राहिलेले. सांगता सांगता धरणाची भिंत दिसू लागली. पाणी स्थिर होते, पलीकडे सिंहगड धुक्यात अर्धा. त्याचा काही हुंकार आला नाही, म्हणून मी पाहिले. त्याची मान खिडकीकडे कलली होती, तोंड थोडे उघडे, हात मांडीवर सैल पडलेला. झोपला होता.

मी गाडी पाण्याकडेच्या एका झाडाच्या सावलीत अशी थांबवली की त्याला कळले नाही. बंद केली. काच दोन बोटे खाली घेतली. कणसे भाजणारी एक बाई जवळ आली, मी ओठांवर बोट ठेवले, ती हसून पुढे गेली. तासाभराच्या वर आम्ही तिथे होतो. मी पाण्याकडे बघत होते. कधी त्याच्याकडे.

अकराला पाच मिनिटे असताना त्याचा मोबाईल आमच्या दोघांच्या मध्ये थरथरला. आवाज बंद होता. मी उचलला आणि हळू आवाजात हॅलो म्हटले. पलीकडचे गृहस्थ पोचले होते, धायरीत इमारतीच्या खाली उभे होते, गाडी कुठे लावली आहे ते विचारत होते. मी म्हटले, गाडी बाहेर गेली आहे, आणि ती विकायची नाही. आपल्याला हेलपाटा पडला, त्याबद्दल माफ करा.

त्यांनी अगदी पुणेरी थंडपणाने विचारले, "मग जाहिरात काय हौस म्हणून दिली होती का?"

"मुलानं दिली होती," मी म्हटले. "तो आत्ता झोपलाय."